घर माझें, पण जमीन कुणाची?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मला कर्जावर बोलायचें नाहीं, शाळेवरहि बोलायचें नाहीं. घरावर बोलायचें आहे. घर म्हणजे काय हें सांगायला भाषण कशाला, असें कुणी म्हणेल. चार भिंती, वर कौलें नाहींतर पत्रा, दारांत गोठा किंवा माग, झालें घर. पण हेंच घर कचेरींत गेलें कीं त्याचे तुकडे पडतात. भिंती एकाच्या, खालची जमीन दुसऱ्याची, वर मजला चढविण्याचा हक्क तिसऱ्याचा आणि कर भरणारा चवथाच निघतो. एका छपराखालीं चार चुली आल्या किंवा एका जागेवर चाळीस बिऱ्हाडें आलीं, म्हणजे तर विचारूंच नका. आपला शेतकरी सात-बारा उलटासुलटा करून वाचील, पण घराचा कागद त्यानें पेटींतल्या फडक्यांतून कधीं बाहेर काढलेला नसतो. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, तेव्हां कलमवाल्यांच्या ज्या करामती त्यांनीं उघड्यावर आणल्या, त्या बहुतेक जमिनीच्या, कर्जाच्या आणि कज्ज्यांच्या होत्या. आज आपलीं पोरें पुण्यांत, मुंबईंत, नाशकांत, सोलापुरांत घरें घेत आहेत. कुणी बापाची एकरभर जमीन विकून घेतो, कुणी वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतो. ती करामत आतां घराच्या कागदांत शिरली आहे. म्हणून हा विषय.

एकच प्रश्न मनांत धरून माझ्याबरोबर चला. घर माझें, पण खालची जमीन कुणाची?

आधीं आपल्या गांवच्या घरापासून सुरुवात करूं. समजा, आजोबांनीं बांधलेलें एक घर आहे आणि त्यांत तीन भावांचा हिस्सा आहे. माजघर थोरल्याकडे, पडवी मधल्याकडे आणि धाकटा पोटासाठीं शहरांत. लोक म्हणतात, "माजघर थोरल्याचें." कायदा तसें म्हणत नाहीं. वाटप होईपर्यंत वडिलोपार्जित घराच्या प्रत्येक विटेवर सर्व सहभागीदारांची मालकी असते. अमुक खोली अमक्याची, ही झाली राहण्याची सोय. ती मालकी नव्हे.

आतां धाकट्याला कर्ज झालें आणि त्यानें आपला हिस्सा एका सावकाराला लिहून दिला. आपल्या मुंबई इलाख्यांत चालत आलेल्या हिंदु कायद्याप्रमाणें सहभागीदाराला आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकतां येतो. भावांची संमति लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सावकार ट्रंक घेऊन दारांत उभा राहिला तर काय करायचें? घाबरायचें नाहीं. १८८२ च्या मिळकत हस्तांतरणाच्या कायद्यांत ४४ वें कलम आहे. परक्या माणसानें एका कुटुंबाच्या राहत्या घरांतला हिस्सा घेतला, तरी त्या कुटुंबांत घुसून एकत्र राहण्याचा हक्क त्याला मिळत नाहीं, असें तें कलम सांगतें. त्यानें कोर्टांत जाऊन वाटपाचा दावा लावावा. आणि त्यानें दावा लावला कीं १८९३ च्या वाटप कायद्याचें ४ थें कलम तुमच्या मदतीला येतें. घरांतला कोणीहि हिस्सेदार "तो हिस्सा मी विकत घेतों" म्हणाला, तर कोर्टानें किंमत ठरवून तो त्यालाच द्यायचा. हीं कलमें शंभराहून अधिक वर्षें पुस्तकांत पडून आहेत. या सभेंतल्या किती जणांनीं तीं ऐकलीं आहेत? हात वर करूं नका, मला उत्तर ठाऊक आहे. सावकाराच्या वकिलाला तीं ठाऊक असतात, आणि म्हणूनच तो दावा न लावतां नुसता दम देतो. पहिल्याच दमाला दोन्ही भाऊ घाबरतात आणि आपलेहि हिस्से मातीमोलानें लिहून देतात.

भावांची गोष्ट झाली; बहिणीची राहिली. १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलगी बापाची वारस झाली खरी, पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानें राहत्या घराला आंतून कडी घातली. पुरुष वारस आपापले हिस्से पाडायला तयार होईपर्यंत बहिणीनें घराचें वाटप मागायचें नाहीं, असें तें कलम होतें. नांदत्या लेकीला त्या घरांत राहण्याचाहि हक्क नव्हता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींना सहभागीदार केलें. २००५ च्या दुरुस्तीनें साऱ्या देशांत लेक जन्मानेंच सहभागीदार झाली आणि २३ वें कलम पुसलें गेलें. २०२० सालीं सुप्रीम कोर्टानें आणखी स्पष्ट केलें कीं, २००५ सालीं बाप हयात असो वा नसो, लेकीचा हक्क तिच्या जन्मापासूनचा आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधीं रीतसर झालेलें वाटप तेवढें मोडत नाहीं.

कायदा एवढा पुढें गेला, आणि आपण? भाऊबीजेला बहिणीला माहेरीं आणायचें, ओवाळणींत साडी घालायची, आणि दुसऱ्या दिवशीं जीपगाडींत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरींत न्यायचें. तेथें हक्कसोडपत्रावर अंगठा! बाईला विचारावें तर ती म्हणते, "दादा म्हणाला म्हणून केलें." सत्यशोधकाचें नांव घेणाऱ्या घरांतहि हें चालतें, हें मी येथें उघड बोलतों, ज्याला राग यायचा त्याला येऊं द्या. बहिणीनें समजून उमजून, खुशीनें हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण आपण काय सोडतों आहों हें तिला वाचून न दाखवतां घेतलेली सही आणि सावकारानें घेतलेला अंगठा यांत मला फरक दिसत नाहीं.

गांवठाणांतल्या घराला सात-बारा नसतो. पुष्कळांच्या घरीं ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो आणि त्यालाच ते मालकीचा कागद समजतात. तो कर-आकारणीचा कागद आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढेंच तो सांगतो. २०२० सालीं 'स्वामित्व' नांवाची सरकारी योजना निघाली. तींत ड्रोन उडवून गांवठाणांची मोजणी करायची आणि घरांच्या मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्डें, तयार करायचीं असें काम आहे. चांगली गोष्ट आहे. पण चौकशीच्या वेळीं जो घरांत असेल त्याचें नांव लागतें, आणि मुंबईला हमाली करणाऱ्या भावाचें, सासरीं गेलेल्या बहिणीचें आणि चुलीपुढें बसलेल्या विधवा भावजयीचें नांव राहून जातें. मागाहून तें लावून घेण्यासाठीं चपला झिजवाव्या लागतात. पत्रिकेवर सर्व हिस्सेदारांचीं नांवें लावून घ्या. ज्यांच्या गांवीं मोजणी होऊन गेली असेल त्यांनीं नक्कल काढून नांवें तपासा.

आतां माझ्या कारागीर बंधूंकडे येतों. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, मातंग, चांभार. यांच्यांतल्या कितीतरी घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जागेवर घर बांधलें. भिंती स्वतःच्या घामाच्या, जागा वतनदाराची. वतनदार खूष असेल तोंवर घर घर, आणि गडी बिनपैशाच्या कामाला नाहीं म्हणाला कीं, "उचल तुझें छप्पर!" या भीतीवर किती वेठबिगार चालली असेल याचा हिशेब कुणीं ठेवलेला नाहीं. १९४८ च्या मुंबई कूळ कायद्यानें या भीतीवर घाव घातला. कुळानें किंवा त्याच्या पूर्वजानें स्वखर्चानें जमीनदाराच्या जागेवर राहतें घर बांधलें असेल, तर त्याला तेथून सहजासहजीं काढतां येणार नाहीं, आणि मालक ती जागा विकायला निघाला तर पहिली मागणी कुळाची, असें १६ व्या व १७ व्या कलमांत आहे. आणि १८ व्या कलमानें हेंच संरक्षण शेतमजूर व कारागीर यांनाहि दिलें. कूळ कायदा म्हटला कीं आपण शेताच्या बांधावर थांबतों. त्या कायद्यांत लोहाराच्या भात्यामागची भिंतहि आहे, हें आपल्याला कुणीं सांगितलें नाहीं.

भिंती माझ्या, जमीन दुसऱ्याची, हें लक्षांत ठेवा. शहरांत गेल्यावर हेंच भूत नव्या कपड्यांत भेटणार आहे.

शहरांत आपला माणूस पहिल्यानें चाळींत गेला. १९२० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड, शिवडी येथें चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतों. एक खोली, संडास सामाईक, मालक सरकार. तीन तीन पिढ्या तेथें नांदल्या, पण मालकीचा शब्द कागदावर नव्हता. त्या चाळी पाडून नवीं घरें देण्याचें काम अलीकडे निघालें, आणि २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातीं मालकीच्या घरांच्या किल्ल्या पडल्या. भाडेकरूचा मालक व्हायला एक शतक लागलें!

खाजगी चाळींत पगडीची पद्धत आहे. आपले लोक पगडी देऊन खोली घेतात आणि गांवीं येऊन सांगतात, "मुंबईला खोली विकत घेतली." विकत घेतलेली नसते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें पगडी देणेंघेणें कायदेशीर झालें आणि भाडेकरूला संरक्षण मिळालें, एवढें खरें. पण जमीन व इमारत मालकाचीच. पगडीचा भाडेकरू हा बळकट भाडेकरू असतो, मालक नसतो.

मग सामाईक मालकीचें घर म्हणजे कोणतें? येथें सहकार येतो. १९०४ सालचा पहिला सहकारी कायदा नुसत्या पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर कामांच्या संस्थांना दार उघडलें, आणि १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवीला सारस्वतांनीं गृहनिर्माण संस्था काढली. आशिया खंडांतली ती पहिली, असें म्हणतात. सारस्वत मंडळींचा मला हेवा वाटत नाहीं. त्यांचा धडा घ्यावासा वाटतो. कायदा निघून तीन वर्षें झालीं नाहींत तोंच त्यांनीं तो वाचला, वर्गणी काढली आणि घरें बांधलीं. त्याच मुंबईंत गिरण्या चालविणारे आपले हजारो लोक एका खोलींत आठ आठ जण पाळीपाळीनें झोपत होते. अक्षर ज्याच्या हातीं, छप्पर त्याच्या डोक्यावर.

पुढें १९२५ चा मुंबईचा कायदा झाला, आणि आज चालतो तो १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा. त्याखालीं गृहनिर्माण संस्थांचे मुख्य प्रकार दोन. नांवें वकिली आहेत, म्हणून सोपें करून सांगतों.

पहिली भाडेकरू-मालकी संस्था. जमिनीचा मोठा तुकडा संस्था घेते, त्याचे प्लॉट पाडते, आणि एकेक प्लॉट सभासदाला दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें देते. त्यावर सभासद आपल्या पैशानें घर बांधतो. घर त्याचें, जमीन संस्थेची. म्हणजे पुन्हा भिंती माझ्या, जमीन दुसऱ्याची! पण येथें फरक पाहा. हा दुसरा म्हणजे वतनदार नव्हे. ती संस्था, आणि संस्थेंत मी सभासद.

दुसरी भाडेकरू-सहभागीदारी संस्था. हींत जमीनहि संस्थेची आणि इमारतहि संस्थेची. सभासदाच्या हातीं असतात संस्थेचे भाग, त्या भागांचा दाखला, आणि नेमून दिलेल्या घरांत राहण्याचा हक्क. नुसता राहण्याचा हक्क म्हणून त्याला हलका समजूं नका. तो विकतां येतो, वारसाला जातो, आणि १९७५ सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितल्याप्रमाणें सभासदाच्या कर्जापायीं जप्तहि होतो. सावकाराला त्याची किंमत कळली, आपल्याला कां कळूं नये?

तिसरीहि एक जात व्यवहारांत आहे आणि आपलीं पोरें बहुतेक तिच्यांतच सांपडतात. बिल्डर आधीं इमारत बांधतो, फ्लॅट विकतो, आणि मग घेणाऱ्यांची संस्था होते. १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा यासाठींच झाला. त्यांत बिल्डरावर दोन मोठीं बंधनें आहेत. एक, घेणाऱ्यांची संस्था करून द्यायची. दुसरें, जमीन व इमारत त्या संस्थेच्या नांवें खरेदीखतानें करून द्यायची. करारांत मुदत ठरली नसेल तर संस्था झाल्यापासून चार महिन्यांत. कागदावर चार महिने. प्रत्यक्षांत दहा, वीस, तीस वर्षें! आपला पोरगा फ्लॅटचे हप्ते फेडतो, दाराला झेंडूचें तोरण बांधतो, गांवीं पेढे वाटतो. आणि खालची जमीन बिल्डराच्या किंवा जुन्या जमीनमालकाच्याच नांवावर असते. लोहाराच्या झोंपडीची आणि सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटची कुळकथा एकच. इमारत जुनी होऊन पाडायची वेळ येते, तेव्हां वर आणखी किती मजले चढवायचे आणि त्याचा नफा कुणीं खायचा याचा सौदा जमिनीचा मालक करतो. जमीन संस्थेची असेल तर सभासद मांडीला मांडी लावून सौद्याला बसतात. नसेल तर दाराबाहेर उभे राहतात.

या लबाडीला २००८ च्या दुरुस्तीनें उतारा काढला. त्याचें नांव मानीव अभिहस्तांतरण. नांव ऐकून पळूं नका. बिल्डर खरेदीखत करून देत नसेल, तर संस्थेनें जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. त्यानें दोन्ही बाजू ऐकून दाखला दिला, कीं बिल्डराच्या सहीवांचून जमीन संस्थेच्या नांवें होते. तुमचा मुलगा शहरांतल्या सोसायटींत राहत असेल तर या दिवाळीला तो घरीं आल्यावर त्याला दुसरें कांहीं विचारूं नका. जमीन सोसायटीच्या नांवावर झाली का, एवढें विचारा. बहुधा तो म्हणेल, "माहीत नाहीं." नवें घर घेणाऱ्यासाठीं आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं नोंदलेल्या बांधकामांत, नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं बिल्डराला किंमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेतां येत नाहीं. "आधीं निम्मे आणा, कागद मागाहून करूं" म्हणणाऱ्याला रामराम करून परत यावें.

संस्थेशिवाय दुसरा एक मार्ग १९७० च्या अपार्टमेंट मालकीच्या कायद्यानें काढला आहे. पांच किंवा अधिक घरांच्या इमारतीचा मालक एक घोषणापत्र करून तें नोंदवितो, आणि प्रत्येक घेणाऱ्याला घराचें स्वतंत्र खरेदीखत होतें. घर त्याचें पूर्ण मालकीचें. शिवाय जमीन, जिना, गच्ची, विहीर यांत त्याचा अमुक टक्के अविभक्त हिस्सा. हा हिस्सा घरापासून वेगळा करतां येत नाहीं आणि त्याचें वाटपहि मागतां येत नाहीं. ऐकायला हें सहकारी संस्थेपेक्षां गोड लागतें, आणि खरेंच, येथें जमिनीचा हिस्सा पहिल्या दिवसापासून खतांत लिहिलेला असतो.

पण मताचें काय? सहकारी संस्थेंत एक सभासद, एक मत. तीन खोल्यांचा मालक असो कीं एका खोलीचा, सभेंत दोघांचा हात सारखाच मोजतात. अपार्टमेंटच्या संघांत मत हिस्स्याच्या टक्क्यानें. मोठें घर, मोठें मत. ज्यांच्या मतांना शतकानुशतकें किंमत नव्हती अशा लोकांपुढें मी बोलतों आहें, तेव्हां माझा कल कोणीकडे हें सांगायला नको. तरीहि दुसरी बाजू लपवून ठेवीत नाहीं. संस्थेंत जिन्याचा दिवा, झाडलोट, पहारेकरी अशा सेवांचा खर्च घराच्या आकाराकडे न पाहतां दरघरीं सारखा बसतो. अपार्टमेंटांत तो हिस्स्याच्या टक्क्यानें बसतो. म्हणजे सहकारांत गरिबाला मत श्रीमंताइतकें आणि बिलहि श्रीमंताइतकें! एका खोलीच्या विणकराला हा बोजा जड जातो, हें कबूल केलें पाहिजे. घर घेतांना दोन्ही हिशेब मांडून पाहावे.

मत सारखें आहे म्हणून तें वापरलें जातें असेंहि नाहीं. दरवर्षीं ३० सप्टेंबरच्या आंत संस्थेची सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. सभासद येत नाहींत; टीव्ही पाहत बसतात. मग चार चतुर लोक वर्षानुवर्षें कारभार करतात आणि हिशेब मागणाऱ्याला 'भांडखोर' ठरवितात. कमिटींत स्त्रियांसाठीं, अनुसूचित जाती-जमातींसाठीं, इतर मागासवर्गांसाठीं आणि भटक्या-विमुक्तांसाठीं राखीव जागा आहेत. त्या जागेवर बाईला बसवून सह्या नवऱ्यानें करायच्या, हा सरपंचकीचा जुना खेळ तेथें तरी खेळूं नका.

आतां एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतों. सोसायटींत कुणाला घ्यायचें? गांवांत वस्त्या जातवार होत्या. शहरांत गेल्यावर त्या मोडतील असें आपणांस वाटलें होतें. पण जातीच्या नांवाच्या, धर्माच्या नांवाच्या सोसायट्या निघाल्या. अहमदाबादेंतल्या एका पारशी संस्थेच्या पोटनियमांत सभासदत्व पारशांपुरतें होतें. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि २००५ सालीं कोर्टानें तो पोटनियम चालूं दिला. आपल्या मनाप्रमाणें संघ बनविण्याचें स्वातंत्र्य लोकांना आहे, असा त्याचा आधार होता. निकाल गुजरातच्या कायद्याखालचा आहे, पण त्याची सावली लांब पडते. लहान समाजाला एकत्र राहावेंसें वाटतें हें मी समजूं शकतों. परंतु 'स्वातंत्र्य' हा शब्द आपण पूर्वीहि ऐकला आहे. पाणवठा आपल्या मनाप्रमाणें राखण्याचें स्वातंत्र्यहि कांहीं लोकांस हवें होतें! आपल्याकडे सहकारी कायद्याचें तत्त्व खुल्या सभासदत्वाचें आहे. पुरेसें कारण नसतां लायक माणसाला सभासदत्व नाकारतां येत नाहीं, आणि नाकारलें तर निबंधकाकडे दाद मागतां येते. "तुमचें आडनांव काय? घरांत मासे शिजतात का?" असें विचारून दार लावणारा सेक्रेटरी भेटला, तर नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळांचा सोंवळेपणा ढिला होतो.

हें सारें ऐकून कुणी म्हणेल, हे शिकलेल्या पगारदारांचे धंदे. आपल्यासारख्यांना सोसायटी कशी जमणार? त्यासाठीं सोलापूरकडे पाहा. सोलापूर हें मागांचें आणि विड्यांचें गांव. नवरा यंत्रमागावर, बायको सुपांत पानें घेऊन विड्या वळणार, आणि घर म्हणजे भाड्याची अंधारी खोली. त्या विडी-कामगार बायांनीं संघटना करून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. शहराजवळ कुंभारीला जमीन घेतली आणि दहा हजार घरांची वसाहत उभी केली. खर्चाचा एक वाटा केंद्र सरकारचा, एक राज्य सरकारचा, एक बायांचा स्वतःचा. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हातून त्या घरांचा ताबा मिळाला. संस्थेला नांव गोदूताई परुळेकरांचें. ही बाई जन्मानें गोखल्यांची, ब्राह्मणाघरची. पण १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली. माणूस कोणत्या घरांत जन्मला हें न पाहतां कुणाच्या घरासाठीं झटला हें आपण पाहावें, म्हणून मुद्दाम सांगितलें. पुढें त्याच कुंभारीला रे नगर म्हणून तीस हजार घरांची दुसरी योजना निघाली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेंचणारे, फेरीवाले, गाडीवाले यांच्यासाठीं ती आहे. १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं त्यांतलीं पंधरा हजार घरें लोकांच्या हवालीं केलीं.

मोर्चे, अर्ज, खेटे, वर्षानुवर्षांचा धीर, हें सारें त्यामागें आहे. एका सभेंत टाळ्या वाजवून तें झालेलें नाहीं. आणि घर हातीं आलें म्हणजे काम संपतें असेंहि नव्हे. पाणी, गटार, रस्ता, शाळा यांसाठीं पुन्हा उभें राहावें लागतें. पण विड्या वळणाऱ्या बायांनीं भागांचा दाखला म्हणजे काय हें समजून घेतलें. मग नांगर धरणाऱ्याला आणि भाता ओढणाऱ्याला तें कां समजूं नये?

एक गोष्ट राहिली. तीवरून फार घरें फुटतात. सोसायटींत घर घेतांना वारसनोंदीच्या अर्जावर एकाचें नांव लिहितात. बाप मरतो आणि ज्याचें नांव तो म्हणतो, "घर माझें, बापानें मला नेमलें." ही समजूत खोटी आहे. नेमलेला माणूस वारसांच्या वतीनें घर सांभाळणारा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनें त्याला तात्पुरता सभासद म्हटलें आहे, आणि खरे वारस कायद्यानें किंवा मृत्युपत्रानें ठरतात. ज्याला घर एकालाच द्यायचें असेल त्यानें शुद्धींत असतांना, दोन साक्षीदारांपुढें मृत्युपत्र करावें. आणि बायकोचें नांव पहिल्यापासूनच करारांत बरोबरीनें लावावें. हप्त्यासाठीं तिच्या गळ्यांतला सर मोडलेला असतो, तिचें नांव कागदावर यायला नको का?

आतां माझें बोलणें पुरें करतों, कारण मागची मंडळी जांभया देऊं लागली आहेत आणि शेवटची एस. टी. सात वाजतां आहे. ज्यांनीं घराचे कागद बरोबर आणले आहेत त्यांनीं पाराजवळ बसावें. आम्ही तिघे चौघे जण एकेक कागद वाचून त्यांत काय लिहिलें आहे तें सांगूं. नमुना ८ चा उतारा, मिळकत पत्रिका, सोसायटीचा करार, जें असेल तें आणा. ज्या बहिणींची हक्कसोडपत्रावर सही व्हायची आहे त्यांनीं आधीं पुढें यावें. भावाला बरोबर आणलें तरी चालेल.